प्रवेश मिळाला, पैसे अडले: शिकागोतल्या एका चार्टर शाळेची २०२४ ची बॅच

ओळख पटू नये म्हणून शाळेचे आणि कुटुंबांचे नाव दिलेले नाही, काही तपशील बदलले आहेत आणि शाळेतले आकडे गोल केले आहेत. अमेरिकी केंद्र सरकारच्या मदत-अर्जाच्या तारखा आणि रकमा मात्र आहेत तशा दिल्या आहेत.

पार्श्वभूमी

अमेरिकेत चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, पण स्वतंत्र मंडळाच्या ताब्यातली शाळा. फी नसते. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढतात. कामगिरी दाखवली नाही तर करार, म्हणजे 'चार्टर', नूतनीकरणाच्या वेळी काढून घेता येतो. असा पहिला कायदा १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने केला, शिकागो ज्यात आहे त्या इलिनॉयने १९९६ मध्ये. शिकागोत या शाळा प्रामुख्याने गरीब वस्त्यांत आहेत आणि बहुतेकींची जाहिरात एकाच वाक्यावर उभी असते: आमचा प्रत्येक मुलगा कॉलेजला जातो.

इथली शाळा नववी ते बारावीची. बारावीत सुमारे १२० मुले. दहातल्या नऊ घरांचे उत्पन्न कमी, बहुतेकांच्या घरात कॉलेजची पायरी कोणीच चढलेले नाही. पालकांमध्ये मेक्सिकोतून आलेली स्पॅनिश बोलणारी कुटुंबे आणि शिकागोतली जुनी कृष्णवर्णीय कुटुंबे. कॉलेज काउन्सेलर दोन, दोघांचा करार दहा महिन्यांचा. जून संपला की तेही सुट्टीवर.

प्रवेशाच्या बाबतीत शाळा तयार होती. अकरावीच्या उन्हाळ्यात निबंधाचा पहिला मसुदा, सप्टेंबरमध्ये प्रत्येकाची आठ कॉलेजांची यादी, अर्जाची फी माफ करून घेण्याचे फॉर्म, शिफारसपत्रांसाठी शिक्षकांना ठरलेला कोटा. जिन्यालगतच्या भिंतीवर प्रवेशपत्र आलेल्या प्रत्येक मुलाच्या नावाचा कागदी झेंडा लागायचा. एप्रिलपर्यंत भिंत भरायची.

त्या भिंतीवरून न कळणारी गोष्ट या क्षेत्रातल्या लोकांना बरीच आधी कळलेली होती. किप या देशातल्या मोठ्या चार्टर साखळीने २०११ मध्ये स्वतःचाच हिशेब जाहीर केला. दहा किंवा त्याहून जास्त वर्षांपूर्वी त्यांची आठवी पूर्ण केलेल्या मुलांपैकी ३३ टक्क्यांनी चार वर्षांची पदवी घेतली होती. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांचे देशातले प्रमाण तेव्हा ८ टक्क्यांच्या आसपास होते, त्या मानाने हा आकडा चांगलाच. पण कॉलेजला पोचणे आणि कॉलेज पुरे करणे यांत किती अंतर असते, तेही त्याने दाखवले. त्याआधी आणखी एक अंतर येते, ते म्हणजे बारावीच्या जूनपासून कॉलेजच्या ऑगस्टपर्यंतचे. बेंजामिन कासलमन आणि लिंडसे पेज या संशोधकांनी त्यावर बरेच काम केले आहे. 'जाणार' असे सांगणाऱ्या मुलांपैकी १० ते २० टक्के मुले शरद ऋतूत कुठल्याच वर्गात दिसत नाहीत आणि गरीब घरांत हे प्रमाण त्याहून वर जाते. तिकडे याला 'समर मेल्ट' म्हणतात. उन्हाळ्यात मुले वितळून जातात.

पैशाचा अर्ज

कॉलेजची मदत मिळवायची तर फॅफ्सा हा केंद्र सरकारचा अर्ज भरावाच लागतो. केंद्राचे पेल अनुदान, इलिनॉयचे मॅप अनुदान, कमी व्याजाचे केंद्रीय कर्ज आणि बहुतेक कॉलेजांची स्वतःची मदत, हे सगळे त्या एका अर्जावर ठरते. आपल्याकडे गुणवत्ता यादीत नाव येऊनही जात वैधता प्रमाणपत्रापायी जागा हातची जाते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना या अर्जाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. इलिनॉयने तर २०२०-२१ पासून बारावी उत्तीर्ण होण्यासाठीच हा अर्ज भरण्याची अट घातली. ज्यांना तो भरता येत नाही त्यांच्यासाठी राज्याचा पर्यायी अर्ज आहे आणि ज्यांना काहीच भरायचे नाही त्यांनी सूट-पत्रावर सही करायची.

हा अर्ज दर वर्षी १ ऑक्टोबरला उघडतो. शाळेचे सगळे वेळापत्रक त्या तारखेला बांधलेले होते. २०२४-२५ साठी मात्र अर्ज मुळापासून बदलायचा होता. प्रश्न १०८ वरून खूप कमी होणार, उत्पन्नाची माहिती कर खात्याकडून थेट येणार, पालक 'योगदानकर्ता' म्हणून स्वतःच्या खात्यातून आपला भाग भरणार. कागदावर सुधारणा चांगलीच होती.

प्रत्यक्षात अर्ज ३० डिसेंबर २०२३ ला उघडला, तोही दिवसातून थोडा वेळ. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून तो नीट चालू राहू लागला. मग महागाईचा हिशेब चुकल्याचे लक्षात आले. तो दुरुस्त केला नसता तर विद्यार्थ्यांच्या मदतीत सुमारे १.८ अब्ज डॉलरची घट झाली असती, म्हणून ३० जानेवारीला केंद्राच्या शिक्षण खात्याने जाहीर केले की कॉलेजांना अर्जांची माहिती मार्चमध्ये मिळेल. मार्चच्या शेवटी कळले की सुमारे दोन लाख अर्जांतली आकडेमोडच चुकली आहे. हेल्पलाइनची गत तर विचारू नका: केंद्राच्या लेखापरीक्षण कार्यालयाने नंतर मोजले, तर पहिल्या पाच महिन्यांत आलेल्या ५४ लाख कॉलपैकी ४० लाख उचललेच गेले नव्हते.

पहिला निर्णय: रिकामे तीन महिने

अर्ज ऑक्टोबरऐवजी डिसेंबरमध्ये येणार, हे शिक्षण खात्याने मार्च २०२३ मध्येच सांगितले होते. म्हणजे शाळेला उन्हाळाभर विचार करायला वेळ होता. तीन मार्ग समोर होते.

पहिला, पालकसभा सरळ जानेवारीत ढकलायची. दुसरा, ऑक्टोबरमध्ये नेहमीप्रमाणे सभा घ्यायची, पण तिथे अर्ज न भरता फक्त पालकांची आणि मुलांची अर्जासाठी लागणारी केंद्राच्या साइटवरची (फेडरल) खाती उघडून द्यायची. तिसरा, खाती तर उघडायचीच, शिवाय प्रत्येक घराला किती मदत मिळेल याचा अंदाजही काढायचा. शिक्षण खात्याचे अंदाज-यंत्र वेबवर होते आणि खासगी कॉलेजांना लागणारा सीएसएस प्रोफाइल नावाचा वेगळा अर्ज नेहमीप्रमाणे १ ऑक्टोबरलाच उघडला होता. वर्षाला एक लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना तो फुकट असतो.

शाळेने पहिला मार्ग घेतला. कारण समजण्यासारखे होते: पालक दोन-दोन शिफ्ट करतात, एका कामासाठी दोनदा बोलावले तर दुसऱ्यांदा येत नाहीत. पण घोडे पेंड खाते ते इथेच. खाते उघडले की सोशल सिक्युरिटी नंबरची (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक, कायदेशीर दर्जा नसलेल्यांना तो मिळत नाही) पडताळणी व्हायला एक ते तीन दिवस लागतात आणि ती होईपर्यंत अर्जाचा काही भाग पुढे सरकत नाही. जानेवारीच्या सभेला ७० च्या वर कुटुंबे आली, पूर्ण अर्ज घेऊन परतली जेमतेम १५. बाकीच्यांना पुन्हा यावे लागले, म्हणजे जे टाळायचे होते तेच घडले.

या तीन महिन्यांत आणखी एक काम चुपचाप बिघडले. मुलांनी आपली खाती शाळेच्या ईमेलवर उघडली. कोणी हरकत घेतली नाही, कारण तेवढाच ईमेल ती रोज बघत होती. त्याचे फळ जुलैत मिळाले.

अडकलेले चाळीस अर्ज

बारावीतल्या साधारण एक तृतीयांश मुलांच्या आई किंवा वडिलांकडे सोशल सिक्युरिटी नंबर नव्हता. मुले अमेरिकेत जन्मलेली, नागरिक, पेल अनुदानाला पूर्ण पात्र. जुन्या पद्धतीत अशा पालकाच्या नंबराच्या जागी नऊ शून्ये टाकायची, सहीचे पान छापून टपालाने पाठवायचे, काम झाले. नव्या अर्जात पालकाचे खाते हवेच आणि जानेवारीत असे पालक आपल्या भागात शिरूच शकत नव्हते. अडचण मार्चच्या मध्यापर्यंत राहिली.

त्या दोन महिन्यांत काउन्सेलरपुढे पर्याय होते ते असे. वाट पाहायची. कागदी अर्ज टपालाने पाठवायचा. किंवा, खात्याने फेब्रुवारीत सुचवल्याप्रमाणे, पालकाचा भाग रिकामा ठेवून अर्ज पाठवायचा, तारीख पदरात पाडून घ्यायची आणि मागाहून दुरुस्ती करायची.

एका काउन्सेलरने दहाएक कुटुंबांचे कागदी अर्ज पाठवले. हातात पावती असल्याचे समाधान मिळाले, पण कागदी अर्जांची प्रक्रिया ऑनलाइनच्या कितीतरी मागे पडली आणि शेवटी त्याच मुलांचे अर्ज पुन्हा ऑनलाइन भरावे लागले. अपुऱ्या अर्जांचेही भिजत घोंगडे पडले, कारण विद्यार्थ्यांना दुरुस्तीची सोय एप्रिलच्या मध्याला मिळाली. ज्यांनी नुसती वाट पाहिली त्यांचे फारसे बिघडले नाही, पण वाट पाहतोय हे त्यांना दर आठवड्याला सांगत राहणे गरजेचे होते. जिथे निरोप गेला नाही तिथे घराने मनातल्या मनात दार लावून घेतले.

मार्चनंतर दार उघडले तरी कुलपे होतीच. एका मुलीचा अर्ज तीन फेऱ्यांत झाला, तो जवळून पाहण्यासारखा आहे. आईची दोन आडनावे, मेक्सिकन पद्धतीने एकापुढे एक. आईने खाते उघडताना दोन्ही लिहिली, मध्ये मोकळी जागा. मुलीने अर्जातून आईला आमंत्रण पाठवताना दोन्हींच्या मध्ये आडवी रेघ टाकली, कारण शाळेच्या दाखल्यावर तशी आहे. आईने ईमेलमधला दुवा उघडला तर अर्ज दिसेना. दुसऱ्या फेरीत रेघ काढली, तरी जुळेना: खात्यात पत्ता 'अपार्टमेंट २', आमंत्रणात '२ एफ'. नाव, जन्मतारीख, पत्ता, ईमेल, सगळे खात्याशी अक्षरशः जुळावे लागते आणि कुठे चुकले ते यंत्रणा सांगत नाही. तिसऱ्या फेरीत काउन्सेलरने आधी आईच्या खात्याचे सेटिंगचे पान छापून घेतले, ते मुलीसमोर ठेवले आणि आमंत्रण त्यावरून उतरवून काढले. दहा मिनिटांत काम झाले. पुढच्या सगळ्या कुटुंबांसाठी हीच रीत ठरली: छापील पान नसेल तर आमंत्रण पाठवायचे नाही.

त्यानंतर उत्पन्नाचे आकडे. नंबर नसलेल्या पालकाची माहिती कर खात्याकडून आपोआप येत नाही, त्यामुळे आयटिन (असा नंबर नसलेल्यांना कर भरण्यासाठी मिळणारा) क्रमांकावर भरलेले विवरणपत्र समोर ठेवून ते हाताने भरायचे. ओळख पटवण्यासाठी काही पालकांना क्रेडिट ब्युरोच्या, म्हणजे लोकांच्या कर्जांचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेच्या, नोंदींवरचे प्रश्न आले, ज्यांच्या नावावर कधी कर्जच नाही ते त्यात नापास. मग हेल्पलाइन, मग प्रकरण क्रमांक, मग ओळखपत्राची छायाचित्रे ईमेलने.

एक चूक शाळेची स्वतःची होती आणि ती पैशाहून गंभीर होती. कोणाचा अर्ज का अडला हे कळावे म्हणून सामायिक स्प्रेडशीटमध्ये 'पालकाला नंबर नाही' असा रकाना केला गेला. ती शीट तीसेक कर्मचाऱ्यांना दिसत होती. घरातल्या माणसाचा कायदेशीर दर्जा त्यातून सरळ वाचता येत होता. पंधरा दिवसांनी एका शिक्षकाने लक्षात आणून दिल्यावर रकाना काढला, त्या जागी 'मार्ग अ' आणि (नंबर नसलेल्यांसाठी) 'मार्ग ब' आले आणि शीट तिघांपुरती ठेवली. काही घरांनी भीतीपोटी केंद्राला माहिती द्यायचीच नाही असे ठरवले. तिथे काउन्सेलरने आग्रह धरला नाही, स्थलांतराच्या कायद्याचा सल्ला देणाऱ्या संस्थेकडे पाठवले. हे बरोबर होते. काउन्सेलर वकील नसतो.

एप्रिलमध्ये पदवीदानाची अट पुरी करण्यासाठी सूट-पत्रे निघाली आणि अडकलेल्या पाच-सहा कुटुंबांनी त्यावर सह्या करून सुटकेचा श्वास सोडला. शाळेच्या अहवालात ती 'पूर्ण' झाली. वास्तविक त्या मुलांना अनुदानाचा एक डॉलरही मिळणार नव्हता. दोन वेगळ्या गोष्टी एका रकान्यात मोजल्या की असे होते.

ऑफर लेटर कसे वाचले

एप्रिलच्या शेवटी कॉलेजांची मदत-पत्रे येऊ लागली. ती वाचणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार सुमारे ९१ टक्के कॉलेजे अशा पत्रात खरा निव्वळ खर्च देत नाहीत किंवा तो कमी दाखवतात. शाळेने यासाठी एका पानाचा तक्ता केला आणि या सगळ्या प्रकरणात शाळेने केलेले सर्वांत उपयोगी काम हेच. नियम चार होते:

१. खर्चात शिक्षणाची फी, इतर शुल्क, राहणे, जेवण आणि विमा धरायचा.
२. त्यातून फक्त परत न करायची मदत वजा करायची.
३. मग विद्यार्थ्याचे केंद्रीय कर्ज, पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५,५०० डॉलर, वजा करायचे.
४. वर्क-स्टडी वजा करायची नाही. ते काम केल्यावर पगार म्हणून मिळते, ऑगस्टच्या बिलात त्याचा उपयोग नाही.

एका मुलीच्या दोन ऑफरा अशा होत्या. परराज्यातले खासगी कॉलेज: खर्च ५८,०००, कॉलेजची शिष्यवृत्ती ३०,०००, पेल ७,३९५, कर्ज ५,५००. उरलेली तूट १५,१०५ डॉलर. पत्रात मात्र शिल्लक शून्य दाखवली होती, कारण तेवढीच रक्कम 'पॅरेंट प्लस' या पालकांच्या कर्जाखाली मदत म्हणून लिहिली होती. २०२४-२५ साठी त्या कर्जाचा व्याजदर ९.०८ टक्के. त्यात आईकडे नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना नसेल तर हे कर्ज तिला मिळतच नाही. म्हणजे पत्रातला तो आकडा त्या घरापुरता नुसता कागदावरचा.

दुसरी ऑफर इलिनॉयच्याच सरकारी विद्यापीठाची: खर्च ३२,०००, राज्याचे आणि विद्यापीठाचे अनुदान मिळून १६,०००, पेल ७,३९५, कर्ज ५,५००. तूट ३,१०५. दहा हप्त्यांत महिना ३१० डॉलर. हेही सोपे नाही, पण जमण्यासारखे आहे. कर्जातून एक टक्क्याच्या आसपास शुल्क आधीच कापले जाते, त्यामुळे ५,५०० ऐवजी साधारण ५,४४० हातात येतात. हा लहान फरक ऑगस्टमध्ये बिल पूर्ण न होण्याचे कारण ठरू शकतो, म्हणून तो तक्त्यात शाईने लिहिला जायचा.

शाळेने रंग ठरवले: तूट ३,५०० पर्यंत हिरवा, ७,००० पर्यंत पिवळा, त्यापुढे लाल. सीमा कोणत्या शास्त्राने आल्या नव्हत्या. आधीच्या बॅचमधली कुठली मुले डिसेंबरपर्यंत टिकली, हे पाहून दोघा काउन्सेलरांनी त्या आखल्या. लाल ऑफर घेऊ नको असे कोणी म्हणायचे नाही, पण चार वर्षांची बेरीज मुलासमोर आणि पालकासमोर, त्यांच्या भाषेत, एकदा मोठ्याने वाचायची असे ठरले.

तक्ता छान होता, पण तो मे महिन्यात आला. आठ कॉलेजांच्या याद्या सप्टेंबरमध्ये केल्या तेव्हाच तो हवा होता. पंचवीसएक मुलांच्या यादीत हिरव्या रंगाची शक्यता असलेले एकही कॉलेज नव्हते. नावाजलेली, दूरची कॉलेजे भरपूर होती, कारण भिंतीवर त्यांचे झेंडे शोभून दिसत.

स्टेजवरचा दिवस

दर वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात शाळेचा 'डिसिजन डे' असतो. मुलगा स्टेजवर येतो, माइकवर कॉलेजचे नाव सांगतो, त्या कॉलेजचा स्वेटशर्ट अंगावर चढवतो, खाली लहान भावंडे ओरडतात. त्या वर्षी बऱ्याच कॉलेजांनी प्रवेश पक्का करण्याची १ मेची मुदत १५ मे किंवा १ जूनपर्यंत वाढवली होती. शाळेच्या चाळीसेक मुलांच्या हातात तेव्हा मदत-पत्रच नव्हते.

सभा पुढे ढकलावी, असे एका काउन्सेलरचे मत होते. मुख्याध्यापकांचा आणि मंडळाचा विरोध होता: सभागृह ठरलेले, देणगीदारांना बोलावलेले, वर्षभर खचलेल्या मुलांना एक आनंदाचा दिवस हवा. मधला मार्ग, म्हणजे कॉलेजचे नाव न घेता 'मी काय शिकणार' एवढेच सांगायचे, असाही सुचवला गेला, पण तो फिका वाटला. कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला.

याचे नुकसान कोणाच्या हिशेबात नव्हते. जूनमध्ये पत्रे आली, तूट लाल निघाली आणि स्टेजवर एक नाव सांगितलेल्या मुलांना आता दुसरे, साधे नाव सांगायचे होते. ती काउन्सेलरला सांगायला आलीच नाहीत. फोन उचलेनात, मेसेज वाचून गप्प. 'सिटी कॉलेजला (शहराच्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजला) जातोय' हे सांगण्यात त्यांना हार वाटत होती, खरे तर ३.० किंवा त्याहून जास्त गुणांक असलेल्या शिकागोच्या मुलांना तिथे स्टार शिष्यवृत्तीत फी माफ आहे आणि पुढे विद्यापीठात बदली घेता येते. ती माहिती शाळेकडे होती, पण स्टेजवर तिला जागा नव्हती.

जुलै

जूनमध्ये मंडळासमोर तीन प्रस्ताव होते. कॉलेजे पाहून घेतील म्हणून सोडून द्यायचे. दोन्ही काउन्सेलरांना पूर्ण उन्हाळ्याचा पगार द्यायचा. किंवा एका काउन्सेलरला सहा आठवडे ठेवून, सोबत कॉलेजात शिकणारे दोन माजी विद्यार्थी मानधनावर घ्यायचे. पैशामुळे तिसरा मार्ग निवडला गेला आणि यादी पिवळ्या-लाल साठ मुलांपुरती ठेवली. माजी विद्यार्थ्यांचा उपयोग अपेक्षेपेक्षा जास्त झाला. काउन्सेलरच्या मेसेजला उत्तर न देणारी मुले त्यांना रात्री अकराला उत्तर देत.

उन्हाळ्यातली कामे बारीक असतात आणि प्रत्येकाला मुदत असते: राहण्याच्या जागेचे डिपॉझिट, अंतिम गुणपत्रक, लसींचा दाखला, गणिताची पातळी-चाचणी, ओरिएंटेशनची नोंदणी, कर्जाचे समुपदेशन आणि वचनपत्र. विम्याचे तर विशेष. बरीच विद्यापीठे आरोग्य विम्याचे शुल्क आपोआप बिलात टाकतात. घरी आधीच मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या घरांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) असेल तर मुदतीत सूट मागायची, नाही तर शेकडो डॉलर भरा. हे पान पोर्टलच्या पोटात कुठेतरी असते.

दुसऱ्या आठवड्यात एकाच दिवशी सात मुलांनी कळवले की पोर्टल उघडत नाही. कारण सापडायला तीन दिवस गेले. शाळेच्या तंत्रज्ञ विभागाने, दर वर्षीच्या शिरस्त्याप्रमाणे, ३० जूनला बाहेर पडलेल्या मुलांचे ईमेल बंद केले होते. फेडरल खाते, कॉलेजचे पोर्टल, राहण्याच्या जागेचा अर्ज, सगळ्यांचे पडताळणी कोड त्या बंद पेटीत जात होते. विद्यापीठांनी पाठवलेली 'एक कागद कमी आहे' ही पत्रेही तिथेच. ईमेल पुन्हा चालू करायला मंडळाची मंजुरी लागली नाही, एक फोन पुरला. पण दरम्यान चार मुलांची राहण्याच्या जागेची मुदत गेली होती.

निकाल

१२० पैकी साधारण १०० मुलांनी मेमध्ये कॉलेज जाहीर केले होते. नोव्हेंबरमध्ये नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउस या, देशभरच्या कॉलेजांतल्या नोंदणीची माहिती ठेवणाऱ्या संस्थेच्या यादीत त्यांतली ७० च्या थोडी वर सापडली. आधीच्या वर्षी हा आकडा ८० च्या घरात होता. यादीवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही: ज्या विद्यार्थ्याने आपली माहिती देण्यास मनाई केली आहे तो तिथे दिसत नाही. म्हणून न सापडलेल्यांना फोन केले, तेव्हा आणखी तिघे-चौघे कॉलेजात निघाले.

सापडलेल्यांपैकी डझनभर मुले जाहीर केलेल्या कॉलेजऐवजी सिटी कॉलेजात किंवा घराजवळच्या विद्यापीठात होती. न गेलेल्यांत निम्म्याहून जास्त 'मार्ग ब' ची घरे होती, म्हणजे बॅचमधल्या एक तृतीयांश मुलांनी निम्म्याहून जास्त नुकसान सोसले. उन्हाळ्यातल्या यादीवरच्या साठांपैकी चाळीसच्या आसपास पोचली. यादी नसती तर किती पोचली असती, हे एका बॅचवरून सांगता येणार नाही.

मंडळाच्या बैठकीत मात्र चर्चा बराच वेळ एकाच प्रश्नावर अडली: हा दोष खात्याचा की शाळेचा? अर्ज खात्याने बिघडवला, यात शंका नाही. पण आधीच्या, सुरळीत वर्षीही वीसएक मुले गळली होती आणि तेव्हा कोणी कारण विचारले नव्हते.

पुन्हा केले तर

पुढच्या बॅचसाठी बदल झाले ते असे. खाती सप्टेंबरमध्ये, वर्गाच्या वेळेत, वैयक्तिक ईमेलवर. पालकांची खाती शनिवारी सकाळी आणि रविवारी दुपारी, दोन पाळ्यांत. आमंत्रणाआधी सेटिंगचे छापील पान. सूट-पत्र आणि भरलेला अर्ज वेगळ्या रकान्यांत. प्रत्येक यादीत किमान दोन कॉलेजे अशी, जिथे मागच्या बॅचमधल्या तशाच उत्पन्नाच्या मुलाची तूट हिरवी आली होती. हे ठरवायला जुनी मदत-पत्रे नावे काढून एका फाइलमध्ये जमवली. पदवीधरांचे ईमेल आता डिसेंबरपर्यंत चालू राहतात. एका काउन्सेलरचा करार अकरा महिन्यांचा झाला. दोघांचा व्हायला हवा होता, पण तेवढे पैसे निघाले नाहीत.

'डिसिजन डे' जूनमध्ये नेण्याचा प्रस्ताव मंडळाने फेटाळला. तडजोड अशी झाली की माइकवर फक्त तीच मुले कॉलेजचे नाव घेतील, ज्यांचा तक्ता भरलेला आहे. बाकीची शाखा सांगतील. भिंतीवरचे झेंडे अजून आहेत, पण आता दोन ओळींत: वरची ओळ मेची, खालची नोव्हेंबरची.

२०२५-२६ चा अर्ज १ ऑक्टोबर २०२४ पासून निवडक गटांसाठी चाचणी म्हणून आणि २१ नोव्हेंबरपासून सगळ्यांसाठी उघडला. शाळेत त्या दिवसापर्यंत शंभराच्या वर पालकांची खाती तयार होती. राहिलेल्यांपैकी बहुतेक पुन्हा 'मार्ग ब' चीच घरे होती आणि जानेवारी २०२५ नंतर वॉशिंग्टनमधले स्थलांतराबाबतचे वारे बदलल्यावर त्यांतल्या काहींनी उघडलेली खातीही तशीच सोडून दिली. त्यांच्यासाठी शाळेकडे आजही पूर्ण उत्तर नाही. काउन्सेलर आता त्यांना सिटी कॉलेजची फी, राज्यातल्या खासगी शिष्यवृत्त्या आणि वकिलाचा दूरध्वनी क्रमांक असा एक कागद देतात, आणि अर्ज भरायचा की नाही हे घरात बसून ठरवायला एक आठवडा.